पाठमोरी गर्दी

पौष लागला की आपल्याकडे सगळं जरा सुस्तावतं. लग्नाची बोलणी थांबतात, नवी वस्तू घ्यायची असली तर 'पुढच्या महिन्यात बघू' होतं. भाकड महिना, म्हणतात बायका. मी मात्र या भाकड महिन्याची वर्षभर वाट बघते. नाशिकच्या माझ्या गॅलरीत ऊन तिरकं येऊन कुंड्यांपाशी बसतं. खाली शाळेच्या रिक्षात कानटोप्या घातलेली पोरं कोंबलेली असतात. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून गरम तेलात डाळीचं काहीतरी सोडल्याचा वास येतो. तेवढं मला पुरतं. हातातला चहा गार होतो आणि मी जयपूरला पोचलेली असते.

जयपूर म्हटलं की लोकांना गुलाबी भिंती दिसतात. मला आधी दिसतो तो धूर. सकाळी सातला रेल्वे कॉलनीत प्रत्येक दारासमोर लोखंडी शेगडी पेटत असायची, आणि तिचा निळा धूर धुक्यात मिसळून असा पसरायचा की समोरच्या क्वार्टरमधला माणूस कमरेच्या वरच दिसायचा. त्या धुरात कुठेतरी मोर ओरडायचा. तिकडे मोराचं कुणाला कौतुक नसतं, आपल्याकडे कावळ्याकडे जितकं बघतात तितकंच त्याच्याकडे बघतात. हातगाडीवर शेंगांचा ढीग, ढिगाच्या मधोमध निखाऱ्यांचं छोटं मडकं. गजकवाल्याच्या दुकानात गूळ-तीळ कुटल्याचा ठपठप आवाज दुपारपर्यंत चालायचा. ऊन वर आलं की सगळी कॉलनी गच्चीवर जायची, पापड, लोणची, म्हाताऱ्या, अभ्यासाची पुस्तकं, सगळं एकाच सतरंजीवर. त्या उन्हाला एक वास होता, कापसाचा आणि संत्र्याच्या सालीचा. अजून डोळे मिटले की येतो.

आता मी नखशिखांत गोरी आहे. नव्याने ओळख झालेल्या बायका विचारतात, तुम्ही कोकणस्थ का हो? मी सांगते, छे हो, आम्ही भुसावळचे. त्या हसतात आणि पुन्हा एकदा माझ्या हातांकडे बघतात. माझा खरा रंग गव्हाळ होता, आईसारखा. त्याचा एक तुकडा पाठीवर उरलाय म्हणतात, मला तो दिसत नाही. अंगभर हा प्रवास व्हायला तीस वर्षं लागली. सुरुवात झाली ती त्या हिवाळ्यात.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी अठरा वर्षांची. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत होते. त्यांची भुसावळहून जयपूरला बदली होऊन तीन वर्षं झाली होती. आई तिथे वांग्याच्या भरितासाठी झुरायची, तिथली वांगी तिला पटायची नाहीत. मी मात्र मजेत होते. कॉलेजात वादविवादात भाग घ्यायचे, हिंदीत तावातावाने बोलायचे, आणि घरी आल्यावर मराठीतही 'मतलब' घुसडायचे. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप घाला कुणीतरी. मग दसऱ्याच्या सुमारास ओठाच्या कोपऱ्याशी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आला. आई म्हणाली, साय लागलीय, पूस. मी पुसली. दिवाळीपर्यंत ती साय दोन्ही ओठांभोवती फिरून आली, डोळ्यांच्या कडांना पोचली आणि बोटांची टोकं पांढरी झाली. डॉक्टर म्हणाले, कोड आहे.

आईने मग जे जे कुणी सांगेल ते सुरू केलं. बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं, त्याचे फोड आले. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, दूध आणि मासे एकत्र खाल्ले असतील. आमच्या घरात मासा कधी शिरला नव्हता, तरी आईने माझं दूध बंद केलं. मला या कशाचाच फारसा त्रास वाटत नव्हता. त्रास निराळाच होता. समोरचा माणूस आधी तोंडाकडे बघायचा, मग चटकन खांद्याकडे, मग बरोबरच्या कुणाकडे तरी, आई असली तर आईकडे. तेवढ्या त्या तीन हालचाली. कॉलेजच्या फाटकापासून वर्गापर्यंत मी त्या पन्नास वेळा बघायचे, आणि वर्गात पोचेपर्यंत माझा आवाज गेलेला असायचा. दिवाळीची सुट्टी संपली आणि मी कॉलेजला गेलेच नाही.

जयपुरात मराठी घरं मोजकीच. काही रेल्वेतली, काही फौजेतली. गणपतीला भेटायची, संक्रांतीला भेटायची, आणि मधल्या काळात एकमेकांची खबर ठेवायची. त्यात आमच्या दोन गल्ल्या पलीकडे चौधरीकाकू होत्या, आमच्याच भुसावळच्या. आईला त्यांचा धाक वाटायचा. वाईट नव्हत्या हो त्या. आजारपणात डबा घेऊन हजर. पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. जयपूरला कुणी शिंकलं की चौधरीकाकूंच्या कृपेने भुसावळला रुमाल निघायचे. आईचं सगळं गणगोत भुसावळला, माझं स्थळही तिकडचंच बघायचं ठरलेलं. पौषात लग्नाचा विषय निघत नाही, म्हणून आई त्या महिन्यात थोडी तरी झोपायची.

आणि लोकर होती. त्या वर्षी आई विणतच सुटली. नाकापर्यंत येणारा मफलर, मनगटाच्याही वर जाणारे हातमोजे. जयपूरच्या थंडीत असं गुंडाळून फिरणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही, सगळेच गुंडाळलेले असतात. मी त्या लोकरीच्या आत राहायला शिकले. आतमध्ये माझाच श्वास गरम होऊन परत यायचा, आणि बाहेरचं जग दोन डोळ्यांच्या फटीतून लांबलांबचं दिसायचं. धुक्यात ते आणखीनच लांब जायचं. मला वाटायचं, हा हिवाळा संपूच नये. होळीनंतर लोकर उतरली की काय करायचं, या प्रश्नावर आईचं उत्तर तयार होतं. घरात राहायचं. परीक्षा बाहेरून देता येते. पाहुणे आले की मागच्या खोलीत बसायचं. ती हे इतक्या मायेने सांगायची की मला तिचा राग करायचीही सोय नव्हती. मी मान हलवायचे. अठराव्या वर्षी मी उरलेलं आयुष्य मागच्या खोलीत काढायला तयार झाले होते, कारण मला माणसांची भीती वाटत होती.

तिकडचा पौष आपल्या पौषाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. पौर्णिमेला महिना बदलतो त्यांचा. आई म्हणायची, इथे पौषसुद्धा उतावळा. त्या उतावळ्या पौषात कुणीतरी आईला सांगितलं, चारदीवारीत अमुक गल्लीत ठाकुरजींचं, म्हणजे कृष्णाचं, मंदिर आहे, तिथे नवस बोला. चारदीवारी म्हणजे जुनं, तटाच्या आतलं शहर. आम्ही दोघी सायकलरिक्षाने चांदपोल दरवाजातून आत गेलो. आत शिरलं की थंडी निराळी व्हायची, गल्ल्यांत ऊन उतरतच नसे. हातात झेंडूचा हार, मनात नवसाचं वाक्य घोकून ठेवलेलं.

मंदिरात गेलो तर गाभाऱ्यासमोर मखमली पडदा. समोर सत्तर-ऐंशी माणसं मांडी घालून गप्प बसलेली. आता आपल्याकडचा देव चोवीस तास घरी असतो. कधीही जा, हात जोडा, या. देव पडद्याआड असेल आणि त्याच्या भेटीच्या ठरलेल्या वेळा असतील, हे आमच्या डोक्यातच नाही. वर मोठी पितळी घंटा टांगलेली. घंटा दिसली की मराठी माणसाचा हात आपोआप वर जातो. आईने ती तीनदा, चांगली जोर लावून वाजवली. आतून पुजारीजी धावत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले की बहनजी, ठाकुरजी जेवायला बसलेत, जेवताना कुणी घंटा बडवतं का. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. आई लाजेने अर्धी झाली. माझा हात धरून ती निघालीच होती, पण रिक्षा निघून गेली होती आणि दारात चपला शोधायला वेळ लागला असता. आम्ही शेवटच्या खांबामागे जाऊन बसलो.

मग आतून लहानशी घंटी किणकिणली. माणसं उठली. पडदा सरकला, आणि त्या सगळ्यांच्या तोंडून एकदम 'राधे' असा आवाज निघाला, दबलेला श्वास सुटावा तसा. माझ्यापुढे बायकांच्या ओळी होत्या, जवळजवळ सगळ्यांचे घूंघट हनुवटीपर्यंत. त्यांनी एकेक करून ते घूंघट वर केले. रस्त्यात सासऱ्यापासून, दिरापासून, वाण्यापासून झाकलेले ते चेहरे त्यांनी देवासमोर उघडे केले. मला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या, आणि ओढणी मागे सारणारे हात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतकी माणसं आहेत इथे आणि एकही माझ्याकडे बघत नाही. सगळे एकाच दिशेला बघताहेत.

मी मफलर हनुवटीखाली ओढला. ओठांना गार हवा लागली. घराबाहेर दीड-दोन महिन्यांनी लागली होती, अंगावर शहारा आला. मी टाचा उंचावून पुढे बघितलं. काळ्या दगडाची लहानशी मूर्ती. अंगात कापूस भरलेला अंगरखा, डोक्याला जरीची टोपी, पायांवर दुलई, समोर चांदीच्या शेगडीत निखारे. थंडी वाजते म्हणून देवाला गुंडाळून ठेवलेलं. फक्त चेहरा उघडा आणि त्यात डोळे, मोठे, पांढरे, मीनाकारीचे. ते सरळ माझ्याकडे बघत होते. मला ठाऊक आहे, प्रत्येकाला तसंच वाटतं. असू दे. ते माझ्या तोंडाकडे बघून खांद्याकडे वळले नाहीत. तिथेच राहिले. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. मग पडदा पडला, माणसं वळली, आणि मी मफलर नाकावर घेतला. आई नवस बोलायचा विसरली होती. घरी येईपर्यंत ती घंटेबद्दलच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना म्हणाले, मला सकाळच्या झांकीला सोडाल का. तिकडे पडदा उघडण्याच्या वेळेला झांकी म्हणतात. आप्पा मुळात कमी बोलणारे. त्यांनी सायकलचं कॅरिअर फडक्याने पुसलं आणि म्हणाले, बस. मग पौष संपेपर्यंत तोच नेम झाला. धुक्यातून सायकल जायची, आप्पांच्या पाठीला डोकं टेकून मी डोळे मिटायचे. पानवाल्याचा रेडिओ, दुधाच्या कढईखालचा जाळ, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानाचं वर जाणारं शटर, हे सगळं कानांनी आणि नाकानेच ओळखायचे. आप्पा कामावर जायचे, मी खांबामागे बसायचे. पडदा उघडला की मफलर खाली, पडला की वर. दिवसातून सात-आठ मिनिटं मी उघड्या तोंडाने जगत होते.

त्या मिनिटांत मी काय केलं? पहिले काही दिवस भांडले. आमच्या घरात देव म्हणजे देव्हारा, आणि देव्हारा म्हणजे आईची घाई. देवाशी भांडता येतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला विचारलं, माझंच तोंड सापडलं का तुला? पाठीवर द्यायचं होतंस. त्याने डाग घालवले नाहीत, उलट त्या पंधरा दिवसांत मानेवर नवा आला. पण भांडण करताना मला कळत होतं की मी एवढं खरं दोन महिन्यांत कुणाशीच बोलले नाही. आईशी बोलताना तिला वाईट वाटेल ही भीती, आप्पांशी बोलताना ते गप्प होतील ही भीती. इथे कसली भीतीच नव्हती. हळूहळू भांडण आटलं आणि नुसतं बसणं उरलं. मला वाटायचं, ज्याने मला घडवलं त्याने मला पुरतं बघितलंय, आणि बघून तोंड फिरवलेलं नाही. मग बाकीच्यांच्या बघण्याचं एवढं काय. हे मी आज शहाणपणाने लिहितेय. तेव्हा ते एवढंच होतं, की छातीवरचा दगड खाली ठेवल्यासारखं वाटायचं.

अगदी कायमची गेली म्हणून नाही सांगत हं भीती. पुढे मी शिक्षिका झाले, तीस वर्षं वर्गासमोर उभी राहिले. दर जूनमध्ये नवा वर्ग, साठ नवे डोळे, आणि तीच भीती. मी आधी फळ्याकडे वळायचे आणि तारीख लिहायचे, जरा सावकाश. तेवढ्यात मनात म्हणायचे, आहेस ना? मग वळून हजेरी घ्यायचे. मुलांना वाटायचं बाईंचं अक्षर सुंदर आहे म्हणून त्या वेळ लावतात.

पौषात तिकडच्या मंदिरांत देवाला गरम वड्यांचा नैवेद्य असतो. पौषबडा म्हणतात. डाळीचे तिखट वडे आणि तुपातला शिरा, आधी ठाकुरजींना, मग पानांच्या द्रोणातून साऱ्या गल्लीला. आमच्या मंदिराचा दिवस ठरला तशी आदल्या दिवशीपासून मागच्या चौकात डाळ वाटणं सुरू झालं. तिथल्या सगळ्या कामाचा ताबा गुलाबबाईकडे. तिचा नवरा लाखेच्या बांगड्या करायचा आणि तीही दिवसभर निखाऱ्यांपाशी बसून लाख वळायची. मोठ्या आवाजाची, कुणालाही कामाला लावणारी बाई. रोज एक मुलगी खांबामागे बसते आणि काही करत नाही, हे तिला बघवत नसणार. नैवेद्याच्या सकाळी तिने मला दंडाला धरून चौकात नेलं आणि वाटलेल्या डाळीच्या परातीपुढे बसवलं. आलं, मिरच्या, धने पडलेले होते, हाताने फेसायचं तेवढं बाकी होतं. मी हातमोज्यांसकट बसून राहिले. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, हे काढ, डाळीत लोकर जाईल.

मी मानेनेच नाही म्हटलं. हा नैवेद्य होता. कोड असलेल्या हाताचं पाणीही न घेणारी माणसं मी पाहिली होती. ही बाई ओरडेल, परात ओतून देईल, चौकातल्या सगळ्या बायका वळून बघतील, आणि या मंदिराचंही दार मला बंद होईल. माझ्याकडे तेवढी एकच जागा उरली होती. मी हळूच तिला सांगितलं की माझ्या हातांना कोड आहे. तिने स्वतःचे हात पुढे केले. लाखेच्या चटक्यांनी बोटं ठिकठिकाणी काळी-तांबडी, दोन नखं नव्हतीच. त्यांचं काही कौतुक न करता ती म्हणाली, "ठाकुरजी रोज देख रहे हैं तुझे. जिसे देखना था उसने देख लिया. अब डाल फेंट, तेल गरम हो गया."

मी मोजे काढले. डाळ बर्फासारखी गार होती. माझी पांढरी बोटं तिच्यात बुडाली आणि पिवळी झाली. एक-दोन बायकांनी बघितलं, खरं सांगायचं तर एक उठून दुसऱ्या परातीकडे गेलीही. मी तिच्याकडे बघितलं आणि मला नवल वाटलं, की ती गेली आणि मी बसलेलीच आहे. हात चालूच आहे. गुलाबबाई माझ्या फेसलेल्या डाळीचे वडे कढईत सोडत होती, आणि तेल असं काही उसळत होतं की चौकभर वाफ झाली. मग पडदा उघडला, तबक आत गेलं, त्या काळ्या ओठांसमोर ठेवलं गेलं. माझ्या हातचं. मी मफलर खाली घेतला तो त्या दिवशी परत वर घेतला नाही. आप्पा संध्याकाळी न्यायला आले तेव्हा त्यांनी माझं उघडं तोंड बघितलं, सायकल वळवली, आणि म्हणाले, थंडी लागेल हो.

आईला हे आवडलं नाही. आवडेल कसं. रस्त्याने उघड्या तोंडाने आली, कोणी बघितलं का, हाच तिचा पहिला प्रश्न. आणि संक्रांत आली होती. जयपुरात संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर असतं, आकाश पतंगांनी गजबजलेलं, दर मिनिटाला कुठून तरी 'वो काटा' अशी आरोळी. त्याच आठवड्यात आईचं हळदीकुंकू. कॉलनीतल्या बायका आणि सगळी मराठी घरं. दर वर्षी हळदीकुंकू लावायचं काम माझं, घरातली मुलगी म्हणून. त्या सकाळी आईने माझ्या हातात माझी पुस्तकं दिली आणि म्हणाली, मागच्या खोलीत बस, मी चौधरीकाकूंना सांगीन तू मैत्रिणीकडे गेलीयस.

मी म्हटलं, मी बाहेर येणार आहे, कुंकू मीच लावणार. आई खाली बसली. तिने आधी रागावून बघितलं, मग समजावलं, मग तिचे डोळे भरले. मी तिला म्हणाले, "आई, त्याने मला बघितलंय. मला आता कुणाची भीती वाटत नाही."

"तुझ्या देवाला भुसावळला परत जायचं नाहीये," ती म्हणाली. "मला जायचंय. आणि तुझ्या वाटची भीती मला वाटते, तिचं मी काय करू?"

मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. तो गार होता. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की हे दोन महिने मी लोकरीत होते आणि आई उघड्यावर होती. बाजारात, नळावर, जिन्यात सगळ्यांचे प्रश्न तिनेच झेलले होते. माझ्यासाठी पडदा धरून तिचे हात भरून आले होते. मी तिला म्हटलं, तुला नको असेल तर नाही येत मी. मनापासून म्हटलं. ती उठून तिळगुळाचे लाडू वळायला गेली.

चारला बायका यायला लागल्या. अत्तराचे, शेवंतीचे वास, रेशमी पदरांची सळसळ, वर गच्च्यांवर आरोळ्या. मी मागच्या खोलीत होते. पुस्तक उघडं होतं, एक ओळ वाचली नव्हती. मी डोळे मिटले आणि खांबामागे जाऊन बसावं तशी बसले. तो होता. इथेही होता, मागच्या खोलीत. म्हणजे मी इथेच राहिले असते तरी तो असताच, आणि हे कळलं तेव्हा माझी उरलीसुरली घाईही गेली. मला कुणाला काही दाखवून द्यायचं नव्हतं. तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली, "उषा, कुंकवाचा करंडा घेऊन ये."

मी करंडा घेऊन बाहेर गेले. पहिल्याच चौधरीकाकू बसल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खांद्याकडे, मग आईकडे. मी कुंकवाचं बोट पुढे केलं तशी त्यांची मान अगदी थोडी मागे गेली. "राहू दे गं बाई," त्या म्हणाल्या, "मी घरूनच लावून आलेय." आवाज गोडच होता. माझं बोट तसंच हवेत राहिलं. मी वाट बघत होते, आता कान तापतील, जमीन फाटावी असं वाटेल. काहीच आलं नाही. काकू मला एक घाबरलेली बाई वाटल्या, माझ्याच आईसारखी, आणि मला त्यांची दया आली.

आईने हातातलं तिळगुळाचं ताट खाली ठेवलं. माझ्यासमोर आली, चौधरीकाकूंच्या शेजारी खाली बसली, पदर सावरून मान वर केली.

"ही माझी उषा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हिला कोड आलंय. हिच्या हातचं कुंकू ज्यांना चालत असेल त्यांनी बसा. बाकीच्यांनी तिळगूळ घ्या आणि सावकाश घरी जा, माझा राग नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लाव."

किती जणी बसल्या आणि किती उठल्या, हे मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. मी तिकडे बघितलंच नाही. मी आईच्या कपाळावर कुंकू टेकवत होते, आणि तिची मान जराही मागे गेली नाही.